व्हॅनच्या पायरीबद्दल

एकनाथकाकांचा मला राग येतो, हे आधीच सांगून टाकते. परक्या देशात मुलीकडे राहायला आलेले म्हातारे गृहस्थ म्हटलं की लोकांना वाटतं, आता काहीतरी हळवं वाचायला मिळणार. काका हळवे नाहीत आणि गोड तर अजिबात नाहीत. बहात्तर वर्षांचे, काटकुळे, ताठ. उजव्या गुडघ्यात धातूचा सांधा बसवलेला. स्वेटरच्या खिशात कायम दोन पेनं, एक निळं आणि एक लाल. सांगलीकडे जिल्हा परिषदेच्या पाणीपुरवठा विभागात चौतीस वर्षं नोकरी केली आणि शाखा अभियंता म्हणून निवृत्त झाले. काकू गेल्यावर देवयानीनं, म्हणजे त्यांच्या मुलीनं, त्यांना इथे आपल्याकडे आणलं. त्याला आता तीन वर्षं होतील.

इथे म्हणजे हार्लन्स लँडिंगला. पेनसिल्व्हेनियात सस्क्वेहाना नदीच्या काठावर चार हजार वस्तीचं गाव आहे. मराठी घरं दोन, एक आमचं आणि एक देवयानीचं. मी बावीस वर्षं इथे राहते आणि गावच्या लायब्ररीत काउंटरवर काम करते.

या गावात काय आहे यापेक्षा काय नाही ते सांगणं सोपं. हॉस्पिटल पाच वर्षांपूर्वी बंद झालं, आता चाळीस मिनिटं गाडी हाकावी लागते. पोहण्याचा तलाव सलग दोन उन्हाळे कोरडा आहे. नदीकाठच्या रस्त्यावर एक सोडून एक दिवा लागतो. लायब्ररी आठवड्यातून चारच दिवस उघडी असते आणि शुक्रवारी बंद. अग्निशमन दलसुद्धा पगारी नाही. आग लागली की गावचा प्लंबर हातातला पाइप टाकून बंबाकडे पळत सुटतो. आणि कसलीही तक्रार घेऊन गावाच्या ऑफिसात जा, तिथली एकुलती एक कर्मचारी बाई चष्म्यावरून बघत शांतपणे म्हणते, "हो, ते कुणीतरी करायला हवं." हे वाक्य ऐकलं की माझ्या तळपायाची आग मस्तकात जाते. कुणीतरी म्हणजे कोण? आम्ही टॅक्स भरतो तो मग कशासाठी? माझा नवरा श्रीरंग म्हणतो, तू चिडतेस छान, पण पुढे काही करत नाहीस. त्याचं बोलणं मी मनावर घेत नाही.

काकांच्या घरापासून खाली गावात यायला एकच रस्ता आहे, साडेतीन मैलांचा, उताराचा. त्याला फुटपाथ नाही. देवयानी फिजिओथेरपिस्ट आहे आणि तिचा नवरा अंकुर एका कारखान्यात कामाला जातो. दोघंही सकाळी सातला घराबाहेर पडतात. नात केया शाळेतून साडेतीनला येते आणि आजोबांच्या चार वाक्यांना मिळून एक "ओके, आबा" म्हणून आपल्या खोलीत जाते. काकांनी इथे गाडी शिकायचाही प्रयत्न केला होता. दुसऱ्याच दिवशी देवयानीनं किल्ली काढून घेतली.

राहिली ती गावाची व्हॅन. पांढरी, बारा सीटची, मागे व्हीलचेअर चढवायची लिफ्ट असलेली. मंगळवारी आणि शुक्रवारी सकाळी नऊला ती वरच्या वस्तीतल्या म्हाताऱ्या माणसांना घरून उचलायची, खाली गावात आणून सोडायची आणि दोन वाजता परत न्यायची. आदल्या दिवशी फोन करून नाव सांगायचं, बस. नऊजण नेमानं यायचे. कुणी दवाखान्यात जायचं, कुणी औषधाच्या दुकानात, कुणी ज्येष्ठांच्या केंद्रात जेवायला. काकांचा सगळा आठवडा या दोन दिवसांवर उभा होता. बाकीचे पाच दिवस ते खिडकीतून शेजाऱ्याचं गवत बघायचे.

मंगळवारी ते लायब्ररीत यायचे. कंप्युटरवर मराठी पेपर पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत वाचायचे आणि मग मला बोलायला यायचे. खुर्च्या चुकीच्या लावल्यात, माऊस अडकतो, घड्याळ चार मिनिटं मागे आहे. त्यानंतर चालत पुलापर्यंत जायचे. पुलाच्या खांबावर पाण्याची पातळी मोजायची पट्टी रंगवलेली आहे. ती बघून काका खिशातल्या वहीत नदीची पातळी लिहायचे. बारा फुटांखाली असली तर निळ्या पेनानं, वर गेली तर लाल. त्यांना हे कुणी सांगितलेलं नव्हतं आणि ती वही कुणी बघतही नव्हतं. शुक्रवारी केंद्रात जेवण आणि परत पूल. या माणसाला चालतं-बोलतं ठेवायला एवढं पुरत होतं.

व्हॅन व्हर्न चालवायचा. वय एकोणऐंशी, पोट सुटलेलं, डोक्यावर टोपी. आयुष्यभर शाळेची बस चालवून निवृत्त झालेला. ही व्हॅन तो फुकट चालवत होता, अकरा वर्षं. काकांना हे ठाऊक नव्हतं. ते समजत होते की हा सरकारी ड्रायव्हर आहे. त्यामुळे चढताना "गुड मॉर्निंग", उतरताना "थँक यू" आणि मधल्या वेळात शेवटच्या सीटवर गप्प. एकदा मी म्हटलं, व्हर्न मोठा गप्पिष्ट आहे, बसा की पुढे. काका म्हणाले, "नंदाताई, आमच्या जीपच्या ड्रायव्हरशी मी कधी फार बोललो नाही. डोक्यावर बसतात."

गेल्या उन्हाळ्यात त्या व्हॅनच्या दाराखालची पायरी डुगडुगायला लागली. एका बाजूचा बोल्ट गेला होता. बाकीचे म्हातारे व्हर्नच्या खांद्यावर हात ठेवून चढायचे. काकांनी ड्रायव्हरच्या खांद्यावर हात ठेवणं शक्यच नव्हतं. दोनदा त्यांचा तोल गेला. दुसऱ्यांदा कोपर दारावर आपटलं आणि ते माझ्या काउंटरपाशी आले.

"एक अर्ज लिहायचाय," ते म्हणाले.

मी इंग्रजीत टाइप करत गेले, ते मराठीत सांगत गेले. प्रति. विषय, व्हॅनच्या पायरीच्या दुरुस्तीबाबत. महोदय, उपरोक्त विषयान्वये. वर जावक क्रमांक एक, कारण काकांनी त्यासाठी वेगळी वही घातली होती. अर्ज गावाच्या ऑफिसात गेला. महिनाभर उत्तर नाही. मग स्मरणपत्र क्रमांक एक. पंधरा दिवसांनी स्मरणपत्र क्रमांक दोन. ऑफिसातल्या बाईनं मला रस्त्यात गाठून विचारलं की वरच्या त्या आकड्याचं तिनं काही करायचं असतं का. मी म्हटलं, आकड्याचं नको, पायरीचं करा. ती म्हणाली, "खरंय, ते कुणीतरी करायला हवं."

मी तशीच तणतणत लायब्ररीत आले. मंगळवार होता, काका कंप्युटरवर होते. त्यांना सांगितलं. ते अजिबात चिडले नाहीत. जणू याचीच वाट बघत होते.

"यांच्या वर कोण?" त्यांनी विचारलं.

इथे मी थांबायला हवं होतं. मी थांबले नाही, उलट मलाच चेव आला. अर्धा तास बसून शोधलं. काउंटीचं, म्हणजे इथल्या जिल्ह्याचं ऑफिस, राज्याचं ऑफिस, तिथला सुरक्षिततेचा विभाग, त्याच्या प्रमुखाचं नाव. काकांनी अर्जाखाली लिहायला सांगितलं, प्रत माहितीसाठी व उचित कार्यवाहीसाठी सविनय सादर. सविनयला इंग्रजी काय द्यावं यावर आम्ही बराच वेळ घालवला. तीन पाकिटं मी स्वतः पोस्टात टाकली आणि मला फार बरं वाटलं.

पाच आठवड्यांनी राज्याच्या ऑफिसातून एक बाई आणि एक पुरुष आले. अतिशय सभ्य माणसं. त्यांनी व्हॅनभोवती फिरून फोटो काढले. पुढच्या मंगळवारी काका व्हॅनमधून उतरले ते हातात डबा घेऊन. देवयानीकडून त्यांनी दुधाच्या पावडरीचे पेढे करून घेतले होते. लायब्ररीतल्या प्रत्येकाला त्यांनी एकेक दिला. "चौतीस वर्षांत," ते मला म्हणाले, "वरून पाच आठवड्यांत कुणी आलेलं मी पाहिलं नाही. देश म्हणजे काय ते हे." त्यांचे डोळे चमकत होते. मी दोन पेढे खाल्ले.

शुक्रवारी व्हॅन आली नाही. काका घराबाहेर पत्रपेटीजवळ चाळीस मिनिटं उभे राहिले. नोव्हेंबर होता. मग त्यांनी मला फोन केला आणि मी ऑफिसात फोन केला. पायरी हा तपासणीतला चौथा मुद्दा होता. पहिला म्हणजे लिफ्टची वजनाची चाचणी कधी झालीच नव्हती. दुसरा, आग विझवायच्या नळकांड्याची मुदत संपलेली. तिसरा, व्हर्नचं डॉक्टरी सर्टिफिकेट जुनं आणि त्याच्या वयाच्या माणसाला विमा मिळणार नाही. सगळं नीट होईपर्यंत व्हॅन रस्त्यावर आणायची नाही, असं पत्र आलं होतं. त्या लोकांचं काहीच चुकलं नव्हतं, आणि मला त्याचाच जास्त संताप आला.

"पण आपण फक्त पायरी म्हटलं होतं," काका फोनवर म्हणाले. दोनदा म्हणाले.

पुढच्या मंगळवारी ते चालत निघाले. साडेतीन मैल, कडेला बर्फाचा चिखल, बाजूनं ट्रक. अर्ध्या वाटेवर पोलिसाची गाडी थांबली. तो पोरगा भला होता, त्यानं काकांना पुढच्या सीटवर बसवून घरी सोडलं आणि देवयानीला फोन केला. त्या दिवशी संध्याकाळी मी तिच्याकडे गेले होते.

"बाबा, प्लीज," देवयानी म्हणत होती. "मला पेशंट सोडून यावं लागलं. आय कान्ट डू धिस. तुम्हाला काय पाहिजे ते मी ऑर्डर करते ना. पेपर तर घरी आयपॅडवर पण वाचता येतो."

"मला काही ऑर्डर करायचं नाहीये," काका म्हणाले.

"मग काय हवंय?"

मला ते ठाऊक होतं. त्यांना कुणालाही न विचारता घराबाहेर पडायला हवं होतं, आठवड्यातून दोनदा. देवयानीलाही ते कळत असणार. पण तिचं आठवड्याचं वेळापत्रक मी पाहिलं आहे, त्यात शिंकायला जागा नाही. मी तिला काय बोलणार?

डिसेंबर, जानेवारी असेच गेले. डोलोरेस नावाची शहाऐंशी वर्षांची बाई मोठ्या अक्षरातली पुस्तकं न्यायला व्हॅननं यायची, तिची चार पुस्तकं माझ्या काउंटरखाली पडून राहिली. केंद्रात शुक्रवारी जेवायला येणारी माणसं निम्मी झाली. नदीची पातळी कुणी लिहिली नाही.

फेब्रुवारीत अग्निशमन दलाच्या हॉलमध्ये व्हॅनसाठी सभा बोलावली. देवयानीला यायला जमणार नव्हतं, म्हणून काकांना मी घेऊन गेले. त्यांनी कोट घातला होता. पन्नासेक माणसं होती, त्यातली चाळीस सत्तरीच्या पुढची. सभेच्या अध्यक्षीणबाईंनी सांगितलं की लिफ्टचं काम एका क्लबानं अंगावर घेतलंय, नळकांडं नवीन आलंय, पायरीही होईल. आता अडतंय ते ड्रायव्हरवर. पंचाहत्तरीच्या आतले दोघं हवेत, एक मंगळवारचा, एक शुक्रवारचा. डॉक्टरी तपासणी करून घ्यायची आणि एक दोन पानी फॉर्म भरायचा. या महिनाअखेरपर्यंत कुणी मिळालं नाही तर काउंटीनं गावाला दिलेली ही व्हॅन परत करावी लागेल.

तेव्हा काका उठले. मी त्यांची बाही ओढली, पण ते उठलेच.

त्यांचं इंग्रजी सावकाश आहे, अर्जातल्यासारखं. ते म्हणाले, तक्रार मी केली होती. माझा हेतू फक्त पायरीचा होता. आमच्याकडे खालचा माणूस ऐकत नसेल तर वरच्याला लिहितात. तो खालच्याला झापतो आणि काम होतं. माझ्यामुळे सगळ्यांची व्हॅन गेली. मी माफी मागतो.

मला वाटलं, आता कुणीतरी उसळेल. पलीकडच्या रांगेतून व्हर्न टोपी काढत वळला.

"तू मला का नाही सांगितलंस?" त्यानं विचारलं. आवाजात राग नव्हता, खरंच कळत नव्हतं त्याला. "माझ्या गॅरेजमध्ये वेल्डिंगचं मशीन आहे. मला वाटलं, बोल्ट थोडा सैल आहे. कुणी पडतंय हे ठाऊक असतं तर शनिवारी करून टाकलं असतं."

काका उभेच होते.

"तुम्ही ड्रायव्हर होतात," ते म्हणाले.

हॉलमध्ये कुणाला त्याचा अर्थ लागला नाही. मला लागला आणि मान खाली गेली. पायरीचं काम असेल तर साहेबाला लिहायचं, ड्रायव्हरला काय विचारायचं? मीही तीन-तीन अर्ज टाइप केले. बावीस वर्षं या गावात राहून, व्हर्नला नावानं ओळखत असून, त्याच्या कानावर घालावं असं मला एकदाही सुचलं नव्हतं.

अध्यक्षीणबाईंनी मग विचारलं, ड्रायव्हर म्हणून कोण पुढे येईल? त्यांनी फॉर्मांचा गठ्ठा पुढच्या टेबलावर ठेवला. खुर्च्या करकरल्या. जे हात वर करू शकले असते त्यांचे हात अकरा वर्षांपूर्वीच वर झाले होते आणि ते आता पंचाहत्तरीच्या पुढे गेले होते. मी छप्पन्न वर्षांची आहे. माझ्या लायसन्सवर एकही दंड नाही. लायब्ररी शुक्रवारी बंद असते, हे त्या हॉलमधल्या प्रत्येकाला माहीत होतं. मी पर्समधून फोन काढला आणि कुणाचा मेसेज आलाय का ते बघत बसले. कुणाचाच आला नव्हता. निघताना मात्र टेबलावरचा एक फॉर्म उचलून पर्समध्ये टाकला, कुणी बघत नाहीसं पाहून.

परत येताना गाडीत काका म्हणाले, "शुक्रवारी तुम्ही घरी असता ना?"

"असते, पण काका, घरच्या कामाला तोच दिवस असतो हो. आठवड्याची भाजी, कपडे, पुण्याला आईला फोन. आणि एवढी मोठी व्हॅन चालवायची म्हणजे..."

"बरोबर आहे," ते म्हणाले. टोमणा नव्हता त्यात, म्हणून जास्त लागलं.

त्यांच्या घरापाशी गाडी थांबवली तेव्हा मला राहवलं नाही. मी म्हटलं, "काका, असं करू. दर शुक्रवारी मी तुम्हाला खाली नेत जाईन. माझ्या गाडीनं. पुलापाशी सोडीन, जेवण झालं की परत आणीन. देवयानीला मी सांगते."

"आणि डोलोरेसबाईंना?"

"काका, मी सगळ्यांना कशी नेणार?"

त्यांनी दार उघडलं, आधी दुखरा पाय बाहेर ठेवला, मग दुसरा. दाराला धरून उभे राहिले आणि वाकून आत बघितलं.

"नंदाताई, दुष्काळात माझ्या हाताखाली अकरा टँकर होते," ते म्हणाले. "आमदारांच्या घरून फोन यायचे. एका घरापुरता टँकर मी कधी सोडला नाही. आता माझ्याच दारात कसा बोलावू?"

दार त्यांनी हळू लावलं.

महिनाअखेरीला काउंटीचा माणूस येऊन व्हॅन घेऊन गेला. पायरी बसवलेली होती. व्हर्ननं ती आदल्या शनिवारी जोडली होती. काका आता मंगळवारी, शुक्रवारी खिडकीशी असतात, असं देवयानी सांगते. मी अजून दोनदा विचारून पाहिलं. दोन्ही वेळा ते नको म्हणाले. फॉर्म माझ्या टेबलाच्या खणात आहे. नाव, वय, लायसन्सचा नंबर आणि खाली सही, एवढंच भरायचं होतं. शुक्रवारी सकाळी दहापर्यंत माझे कपडे धुऊन होतात, आणि त्यानंतर दिवसभर मला काही काम नसतं.